भिंतीसमोर वाचायचा अर्ज

सातबोरीत ज्याच्या तोंडाला वास येतो, त्याच्यासमोरची भिंत मागे सरकते.

दुसऱ्या गावांत भिंतीला कान असतात म्हणे. सातबोरीत नाक आहे, एवढाच फरक. सकाळी उठल्यावर प्रत्येक घरातली एखादी भिंत दोन बोटं मागे गेलेली असते आणि दात घासून चूळ भरली की मुकाट जागेवर येते. बाजारच्या दिवशी कांदाभजी झाली तर चार बोटं जाते, ती दिवेलागणीपर्यंत परतते. म्हणून तिथले गवंडी छपराचा भार खांबांवर घेतात, भिंतींचे कोपरे सांधत नाहीत आणि देवादिकांचे फोटो खिळ्याऐवजी आढ्याला टांगायला सांगतात. बाहेरून लग्न होऊन आलेल्या सुनेला याची सवय व्हायला महिनाभर लागतो. प्रमिला हिंगमिरेला पंधरा दिवस लागले होते, आणि त्यालाही आता बावीस वर्षं झाली होती.

एक गोष्ट मात्र तिथे कोणी बोलत नाही. तुमच्या तोंडाला वास येतो, असं माणसाला तोंडावर सांगणं सातबोरीत असभ्यपणाची परिसीमा समजली जाते. बोलता बोलता भिंत सरकली तर ऐकणारा जमिनीकडे बघतो आणि पावसापाण्याचं विचारतो. अगदीच राहवलं नाही तर दुसऱ्या दिवशी वाटीभर लवंगा पाठवतो. सोबत चिठ्ठीबिठ्ठी नाही. ज्याने त्याने काय ते ओळखावं.

हिंगमिऱ्यांचं घर नदीकाठचं शेवटचं. एकाच छपराखाली दोन बिऱ्हाडं. मोठ्या भागात दिगंबर आणि प्रमिला, आणि मधल्या भिंतीपलीकडे, अकरा फूट रुंदीच्या खोलीत अनसूयाबाई कवठेकर. अनसूयाबाईंनी चौतीस वर्षं बालवाडी चालवली होती. आता गुडघे गेले होते, मागेपुढे कोणी नव्हतं, आणि सगळं गाव त्यांना नुसतं बाई म्हणायचं. दिगंबर एस.टी. स्टँडवर गाड्या पुकारायचा. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून घरात दोघंच होती.

दिवाळीनंतर मधली भिंत बाईंच्या बाजूला सरकायला लागली आणि परत येईना. आधी वीतभर, मग हातभर. बाईंनी कपाट बाहेर काढलं, मग टेबल. तक्रार केली नाही, फक्त लवंगा पाठवल्या.

दिगंबरने दोष स्वतःकडे घेतला. दिवसभर बोलणाऱ्याचंच तोंड बिघडणार, असं म्हणून तो कामाला लागला. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, तांब्याच्या पट्टीने जीभ घासणं, दाढांच्या फटींतून दोरा फिरवणं, जेवणानंतर बडीशेप. कांदा सोडला, लसूण सोडला, तालुक्याला जाऊन दात साफ करून आणले. बाईंच्या लवंगा प्रमिला रोज त्याच्याच हातावर ठेवायची आणि तो निमूटपणे चघळायचा. भिंत सरकतच राहिली.

नवऱ्यावर संकट आलं की घरच्या बाईने काय करायचं, हे प्रमिलाला कोणी शिकवावं लागत नव्हतं. सोमवार तिने दिवाळीपासून लेकीसाठी धरलेलाच होता. भिंत सरकली, तेव्हा गुरुवार धरला. आणखी सरकली, तेव्हा शुक्रवार. साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेला उपास म्हणजे नुसती चंगळ, असं तिच्या माहेरचं मत होतं, त्यामुळे तिचे उपास कडक असायचे, पाण्याशिवायचे. भिंत जितकी सरकली तितके तिने वार वाढवले, आणि तिने जितके वार वाढवले तितकी भिंत सरकली. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघाव्यात, असं कोणाच्या मनात आलं नाही. काखेत कळसा असला की गावाला वळसा घालायचाच असतो.

पौषात नोटीस आली. नोटीस नेहमी मिळकतधारकाच्या नावाने येते, कारण घरातलं तोंड कुटुंबप्रमुखाचं धरायचं असा नगरपालिकेचा ठराव आहे. श्री. दिगंबर हिंगमिरे यांच्या तोंडामुळे सामाईक भिंत शेजारच्या मिळकतीत शिरली आहे. येत्या शनिवारी सूर्योदयाला, चूळ न भरलेल्या तोंडाने, मोजणी होईल. शेजाऱ्याकडे एक खाट मावेल इतकी, म्हणजे अडीच फूट जागा उरली नसेल, तर मिळकतधारकास माळावर पाठवण्यात येईल.

माळ नदीपलीकडे होता, आणि तिथे एकही भिंत नव्हती. ज्यांच्या भिंती हद्द ओलांडून गेल्या त्यांना तिथे ठेवत. त्यांना कोणी मारत नसे. दोन वेळचं जेवण मिळे, घोंगडी मिळे, पावसाळ्यात छत्री मिळे. पण भिंत नाही म्हणून छप्पर नाही, आणि एकमेकांच्या जवळ बसायला लाज वाटे म्हणून ती माणसं लांब लांब बसत. फरशीवरून, म्हणजे नदीवरच्या त्या बुटक्या पुलावरून पाहिलं तर ती वाळत घातलेल्या सांडग्यांएवढी दिसत. परत येण्याची सोय होती. परतीचा अर्ज भिंतीसमोर उभं राहून मोठ्याने वाचायचा, भिंत हलली नाही तर माणूस मोकळा. मात्र माळावर भिंत नव्हती, माळावर भिंत बांधायला मनाई होती, आणि माळावरच्या माणसाला गावातल्या भिंतीजवळ आणायलाही मनाई होती. गणपत लोहार सहा वर्षं खिशात अर्ज घेऊन बसला होता.

प्रमिलाला रोज धुण्याच्या दगडावरून तो माळ दिसायचा. आधी ती तिकडे बघायची नाही. नोटीस आल्यापासून तिला दुसरं काही दिसेना. दिगंबरला उघड्यावर झोप लागत नाही, त्याला पाठीशी काहीतरी लागतं, हे तिला माहीत होतं. तिने शनिवारही धरला.

मोजणीच्या आधीच्या सोमवारी दिगंबर डबा विसरून गेला, म्हणून ती स्टँडवर गेली. त्याची गाड्या पुकारायची केबिन म्हणजे एक टेबल, एक माईक आणि चारी बाजूंनी हात लागतील अशा भिंती. तो सकाळी सहापासून बोलत होता. ती दारात उभी असतानाही त्याने तीन गाड्या पुकारल्या, भिंतीपासून वीतभर अंतरावरून. भिंत तसूभर हलली नाही. वेळापत्रकाचा तक्ता होता तिथेच होता.

"डबा आणलाय," प्रमिला म्हणाली.

समोरची भिंत तक्त्यासकट मागे गेली. चांगली वीतभर.

दिगंबरने जमिनीकडे पाहिलं. "जुनी इमारत आहे," तो म्हणाला, "अधूनमधून असं होतं." आणि मग त्याने पावसापाण्याचं विचारलं. पौषात.

घरी येताना प्रमिलाने पदर तोंडाला घट्ट धरला होता. तिला तिच्या खाटेची आठवण झाली. बावीस वर्षं ती डाव्या कुशीवर, मधल्या भिंतीकडे तोंड करून झोपत आली होती. मग तिला लवंगा आठवल्या. इतक्या वाट्या, इतके दिवस. त्या कोणासाठी होत्या हे आता कळून तिचे कान तापले, आणि त्या लाजेखालून परत ती भीती वर आली. तोंड तिचं होतं आणि माळावर तो जाणार होता.

दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता ती तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरांनी आरसा घालून सगळ्या दाढा पाहिल्या, हिरड्या दाबल्या, जीभ बाहेर काढायला लावली. कीड नाही, पू नाही, जिभेवर थोडा पांढरा थर आणि तोंड जरा कोरडं. तंबाखू खाता का, मिश्री लावता का, कांदा-लसूण किती, असं त्यांनी विचारलं. तिने सगळ्याला मान हलवून नकार दिला. ती काय खाते हे त्यांनी अगदी बारकाईने विचारलं. ती काय खात नाही, हे विचारायचं राहून गेलं.

मग तिने शेवटचा उपाय केला. मोजणी होईपर्यंत तोंड उघडायचं नाही आणि बुधवार संध्याकाळनंतर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, असा नवस ती बोलली. थेंब घेतला तर ह्यांचं जे व्हायचं ते होवो, असंही म्हणाली. नवसाला अशी अट लागतेच, नाहीतर तो नवस कसला. तिचं मौन पाहून दिगंबरने काही विचारलं नाही. तो आणखी जोरात गुळण्या करू लागला. मागच्या मोरीतून तो आवाज गल्लीपर्यंत जायचा.

शनिवारी सूर्योदयाला भिंत विभागाचे शेवाळे आले. त्यांच्याकडे टेप, ओळंबा आणि छापील नमुन्याची वही होती, आणि नियमाप्रमाणे त्यांनी स्वतःच्या तोंडावर रुमाल बांधला होता. आधी ते बाईंच्या खोलीत जाऊन मोजून आले. तीन फूट. बाई खाटेवर बसून होत्या, कारण बसायला दुसरी जागा उरली नव्हती. मग शेवाळ्यांनी दिगंबरला इकडच्या खोलीत मधोमध उभं केलं आणि हातात प्रतिज्ञापत्र दिलं. ते नऊ ओळींचं असतं.

"माझे तोंड माझ्या ताब्यात असून त्याच्या वर्तनास मी जबाबदार आहे," दिगंबर वाचू लागला. आवाज स्टँडवरचा, स्पष्ट. नऊच्या नऊ ओळी झाल्या. भिंत जागची हलली नाही.

शेवाळ्यांनी टेप लावून पाहिली, चष्मा पुसला आणि वहीतला पुढचा रकाना वाचला. "घरात दुसरं तोंड आहे का?"

"नाही," दिगंबर म्हणाला.

प्रमिला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. शेवाळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग दिगंबरकडे, आणि लिहायला घेतलं. दुसरं तोंड नसेल तर भिंत विनाकारण सरकली असं ठरतं, आणि विनाकारण सरकलेल्या भिंतीला अडीच फुटांची सवलत नसते, मिळकतधारक थेट माळावर जातो. ते तिला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. तिने पदर खाली घेतला.

"आहे. माझं."

दोन शब्द. एका शब्दाला चार बोटं, अशी भिंत दोनदा मागे गेली, आणि पलीकडे खाट जमिनीवर खरवडल्याचा आवाज आला. शेवाळे धावत गेले आणि बाहेरूनच परत आले. खाट दारावर अडकली होती. खिडकीतून टेप आत टाकून त्यांनी मोजलं होतं.

"बरोबर अडीच फूट," ते म्हणाले. "हद्दीवर आहे. आता वहिनींनी प्रतिज्ञापत्र वाचायचं."

दिगंबर म्हणाला की आत म्हातारं माणूस अडकलंय, ते आधी बाहेर काढू. शेवाळ्यांनाही तसं वाटत होतं, पण मोजणी सुरू झाल्यावर शेजाऱ्याने जागा सोडली तर मोजणी रद्द होते आणि हद्द ओलांडली असं धरतात. त्यांनी ते कलम वाचून दाखवलं. नऊ ओळी म्हणजे साठ शब्द. साठ शब्दांना भिंत पंधरा फूट जाणार, आणि पलीकडे अडीच फुटांत बाई.

प्रमिलाने कागद हातात घेतला. तिला ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडता येत नव्हतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून बाईंचा आवाज आला. बालवाडीत पोराच्या नाकातला शेंबूड पुसायला सांगावं, तसा.

"प्रमिला, तुझ्या तोंडाला वास येतो."

शेवाळ्यांनी जमिनीकडे पाहिलं. दिगंबरनेही. सातबोरीत हे वाक्य याआधी कोणी कोणाला बोललं असेल तर त्याची नोंद नाही.

"उपाशी तोंडाचा वास आहे तो," बाई पुढे म्हणाल्या. "मी रोज खडूने रेघ मारतेय इथं जमिनीवर. खाट कुठं सरकवायची ते कळावं म्हणून. तुझ्या उपासाच्या रात्री रेघ लांब जाते. मंगळवार-बुधवारी तू जेवतेस, तेव्हा हलत नाही. कोरडं पडलेलं तोंड नासतं गं, पोरांचंसुद्धा नासतं. लवंगा पाठवून थकले मी. आता पाणी पी."

नवस तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. थेंब घेतला तर ह्यांचं जे व्हायचं ते होवो. एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला अडीच फुटांत बसलेली म्हातारी. तिला इतकी भीती आयुष्यात वाटली नव्हती. दिगंबरने आतून तांब्या आणला, काल रात्रीची भाकरी आणली, आणि दोन्ही तिच्यासमोर धरलं.

ती प्यायली. तांब्या संपेपर्यंत थांबली नाही. शेवाळ्यांनी नियम चाळून पाहिले. चूळ भरायला मनाई होती, पिण्याबद्दल काही नव्हतं. "चावून खा," भिंतीपलीकडून बाई म्हणाल्या, "लाळ सुटू दे." प्रमिलाने भाकरी चावून चावून खाल्ली, आणखी पाणी घेतलं, आणि मग कागद वाचला. भिंत हलली नाही. नवव्या ओळीला ती बोटभर इकडे आली.

शेवाळ्यांनी लिहिलं: भिंत स्थिर, कल परतीचा. मग पान उलटलं आणि रुमालाखालून खाकरले.

"हिंगमिरे, तोंडाचं प्रकरण मिटलं. पण तुम्ही दुसरं तोंड नाही असं सांगितलंत. तोंड लपवणं हे वेगळं कलम आहे."

"त्याला काय आहे?"

"माळ," शेवाळे म्हणाले.

फरशीपर्यंत ती दिगंबरबरोबर चालत गेली. त्याच्या काखेत घोंगडी होती आणि खिशात मिठाची पुडी आणि परतीचा अर्ज. तिने त्याला विचारलं की त्याला कधीपासून माहीत होतं. पहिल्या दिवसापासून, तो म्हणाला. मग सांगितलं का नाहीत, असं तिने विचारलं. त्याने जमिनीकडे पाहिलं. फरशीच्या पलीकडे तिला जायची परवानगी नव्हती. तो चालत गेला, लहान होत गेला, आणि सांडग्यांच्या रांगेत शेवटी जाऊन बसला.

नवस मोडला आणि तासाभरात माणूस गेला. यातून कोणतीही बाई जो अर्थ काढेल तोच प्रमिलाने काढला, आणि आठ दिवस रडून काढले. मधली भिंत बोटाबोटाने परत येत होती, कारण बाई सकाळ-संध्याकाळ भिंतीवर टकटक करून ती जेवली का विचारायच्या. धुण्याच्या दगडावरून रोज तो दिसायचा. तो रात्री झोपत नव्हता हे तिला इतक्या लांबूनही कळायचं. पाठीशी काही नसलं की तो बसूनच राहतो.

नवव्या दिवशी भिंत पुन्हा अकरा फुटांवर आली. बाईंनी शेवटची रेघ पुसली. मग त्यांनी प्रमिलाला हाक मारली आणि पाटी मागवली.

"माळावर भिंत बांधायला मनाई आहे," त्या म्हणाल्या. "न्यायला आहे का?"

शेवाळ्यांना बोलावून विचारलं. त्यांनी नियमांची तिन्ही पुस्तकं आणली. बांधू नये, असं होतं. रचू नये, उभारू नये, असंही होतं. सरकत आलेल्या भिंतीबद्दल काही नव्हतं, कारण असं काही कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. शेवाळ्यांनी तिन्ही पुस्तकं मिटली. मग म्हणाले की अर्जाच्या वेळी विभागाचा माणूस हजर लागतो, म्हणजे मला टेप घेऊन यावं लागेल.

हिंगमिऱ्यांची पश्चिमेची भिंत नऊ फूट लांब होती. फरशी दहा फूट रुंद होती. भिंतीपासून माळाच्या पहिल्या दगडापर्यंत सातशे फूट. शब्दाला चार बोटं म्हणजे फुटाला चार शब्द, बाईंनी पाटीवर मांडलं, सातशे फुटांना अठ्ठावीसशे शब्द. मध्ये तोंड ओलं होऊन चालणार नाही.

प्रमिलाने पुन्हा बुधवारी संध्याकाळी पाणी सोडलं. या वेळी नवस बोलली नाही. कशासाठी उपाशी राहायचं हे तिला पहिल्यांदाच नीट माहीत होतं. घरात ती पदर तोंडाला लावून, उजव्या कुशीवर झोपली.

शनिवारी सकाळी ती पश्चिमेच्या भिंतीसमोर उभी राहिली. मागे तांब्या आणि पाटी घेऊन बाई, काठीवर रेलून. त्यांच्या मागे शेवाळे. काय बोलायचं हे तिने ठरवलं होतं. बावीस वर्षं वाऱ्यावरून घरात येत होतं ते तिला तोंडपाठ होतं.

"सातबोरीहून सुटणारी, सहा वाजून दहा मिनिटांची जलद गाडी, फलाट क्रमांक दोनवर उभी आहे," ती म्हणाली.

भिंत घराबाहेर पडली. ती गल्ली ओलांडून, धुण्याच्या दगडाच्या बाजूने, उताराला लागली. प्रमिला गाड्या पुकारत तिच्यामागे चालत होती, थांबे सांगत, फलाट सांगत, प्रवाशांनी सामानाची काळजी घ्यावी हेही सांगत. गावातली माणसं दारात आली आणि जमिनीकडे बघू लागली. फरशीवर भिंतीच्या दोन्ही बाजूंना जेमतेम आठ बोटं जागा उरली होती आणि खाली पाणी होतं. मधोमध तिची जीभ टाळ्याला चिकटली. आवाज फुटेना. भिंत थांबली, आणि जराशी डोलली.

"चोवीसशे झाले," मागून बाई म्हणाल्या. "चारशे राहिले."

रात्रीची मुक्कामी गाडीसुद्धा सुटून गेली होती. वेळापत्रक संपलं होतं. प्रमिलाने ओठांवरून कोरडी जीभ फिरवली आणि स्वतःचं बोलायला सुरुवात केली. मला भीती वाटते, ती भिंतीला म्हणाली. तुम्ही सांगितलं नाहीत याचा मला राग आला आहे. मी तुम्हाला लवंगा खायला घातल्या, तुम्ही खाल्ल्या, त्याचाही राग आला आहे. तुम्ही नाही म्हणालात तेव्हा मला बरं वाटलं, त्याची लाज वाटते. रात्री तुमच्या पाठीशी काही नाही म्हणून मी जागी असते. असं ती बोलत गेली, आणि शब्दाला चार बोटं भिंत जात राहिली, आणि माळाच्या पहिल्या दगडाला लागल्यावर बाईंनी काठी आपटली. प्रमिलाने तोंडाला पदर लावला.

दिगंबर आधीच उठून उभा होता. सहा दहाची जलद गाडी त्याने ओळखली होती. तो वळसा घालून भिंतीच्या अलीकडे आला, आधी तिला पाठ टेकवून घटकाभर नुसता उभा राहिला, आणि मग तोंड फिरवून खिशातला अर्ज काढून वाचला. भिंत हलली नाही. शेवाळ्यांनी दोनदा टेप लावली आणि लिहिलं: भिंत हजर, अर्जदार मोकळा.

मग त्यांनी मान वर केली. माळावरचे सांडगे मोठे होत होते. गणपत लोहार सर्वांत पुढे होता, सहा वर्षांत कागदाच्या घड्या फाटल्या होत्या, तो जोडून हातात धरलेला. त्याच्यामागे बाकीचे, लाजत लाजत, पण एकामागे एक उभे राहत होते.

बाईंनी तांब्या पुढे केला. प्रमिलाने पाण्याकडे पाहिलं आणि मान हलवली. पाणी प्यायली असती तर भिंत घरी निघाली असती, आणि रांगेत अजून बारा माणसं होती.